नवरात्रीचे नऊ रंग कुठून आले? माध्यमं मूल्यं घडवतात म्हणजे नेमकं काय करतात

कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "माध्यमं समाजाची मूल्यं घडवतात, की समाजात असतं तेच दाखवतात? वर्गातली मुलं म्हणतात, आम्ही पेपर वाचत नाही, बातम्या बघत नाही, मग आमच्यावर कसला परिणाम होणार? त्यांना काय सांगू?"

मी एकतीस वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली, आधी जळगावला आणि मग नाशिकला. शेवटची अकरा वर्षं पुरवण्यांची पानं माझ्याकडे होती. त्यामुळे हे उत्तर पुस्तकातून कमी आणि हाताखालून गेलेल्या पानांवरून जास्त देते आहे.

अग्रलेख वाचून कुणी जात सोडली किंवा हुंडा नाकारला, असं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माणसाचं मत इतक्या सहज हलत नाही. मात्र "बाकीचे सगळे काय करतात" याचा आपण मनाशी जो अंदाज बांधलेला असतो, तो माध्यमं फार लवकर हलवतात. चारचौघांत राहणारा माणूस त्या अंदाजाप्रमाणे वागू लागतो. वागणं अंगवळणी पडलं की त्यामागे श्रद्धा आपसूक येऊन उभी राहते. मुलं बातम्या बघत नसली तरी चारचौघांतच राहतात, म्हणून त्यांचीही यातून सुटका नाही.

नवरात्रीचे नऊ रंग घ्या. बँकेत, शाळेत, लोकलच्या डब्यात, तहसील कचेरीत घटस्थापनेपासून बायका ठरलेल्या रंगाची साडी नेसून येतात. आज विशीत असलेल्या मुलींना ही आजीच्या आजीपासूनची चाल वाटते. प्रत्यक्षात ती 2000 नंतरच्या दशकातली आहे, आणि ती रुजवली मुंबईतल्या एका मराठी दैनिकाने, महिला वाचकांसाठीचा उपक्रम म्हणून. आज अमुक रंग नेसा, फोटो पाठवा, आम्ही छापतो, इतकंच त्याचं स्वरूप होतं. रंगांचा क्रम लागतो तो वारावरून. सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार करडा, रविवार नारंगी. उरलेल्या दोन दिवसांना मोरपिशी, जांभळा, गुलाबी यांतले. 2022 साली घटस्थापना सोमवारी आली म्हणून पहिली माळ पांढरी, 2023 ला रविवारी आली म्हणून नारंगी. पहिल्या दिवसाची देवी दोन्ही वर्षी शैलपुत्रीच होती.

त्या दैनिकाचं पाहून आमच्याकडेही उपक्रम आला. पहिल्या दिवशी आलेले सगळेच्या सगळे फोटो मी छापले, कारण पान भरायचं होतं. पाचव्या माळेपर्यंत ईमेलची पेटी तुंबली. जिल्हा परिषदेतल्या कारकून, भिशीचे गट, परिचारिका, पोलीस ठाण्यातल्या शिपाई, अंगणवाडी सेविका. आमच्या पेपरात एरवी बाई दिसायची ती उद्घाटनाच्या फोटोत कडेला किंवा गुन्ह्याच्या बातमीत. कामावर उभ्या असलेल्या इतक्या बायका एका पानावर त्याआधी कधीच आल्या नव्हत्या. हे त्या उपक्रमाचं श्रेय आहे आणि मी ते आजही मनापासून देते.

तिसऱ्या वर्षी, शनिवारी, ऑफिसची सफाई करणाऱ्या मावशी माझ्या टेबलापाशी घुटमळल्या. त्या दिवशीचा रंग करडा. करडी साडी घरात सहसा नसतेच. त्यांनी शेजारणीकडे मागितली, तर तिची तिलाच हवी होती. "ताई, रंग चुकला तर देवीला चालतं का? घरात घट बसलाय." मी म्हटलं, "मावशी, हे आम्ही ठरवलंय. देवीने नाही ठरवलं." त्यांना ते पटलं नाही. "असं कसं? सगळ्या नेसतात की. पेपरातही आलंय."

त्यांच्या त्या वाक्यात आधी "सगळ्या नेसतात" आलं आणि पेपर नंतर आला. पेपरने त्यांना काहीही पटवून दिलं नव्हतं. शास्त्रार्थ सांगितला नव्हता, पुण्याचं आमिष दाखवलं नव्हतं. नऊ दिवस रोज एकाच रंगातल्या शेकडो बायका फक्त दाखवल्या होत्या. धर्माचा भाग नंतर जोडला गेला. साड्यांच्या दुकानांनी नऊ रंगांचे संच मांडले, मग राशिभविष्य लिहिणाऱ्यांनी एकेक रंग एकेका दुर्गेला वाटून दिला, आणि दहा वर्षांच्या आत त्याला "शास्त्र" म्हणायला लागले. एखादी रीत मागे शास्त्र नसतानाही कशी जन्माला येते, हे मी माझ्या पानावर घडताना पाहिलं.

याची दुसरी बाजू जास्त जिव्हारी लागते, कारण ती माझ्या माहेरची आहे. खानदेशात अक्षय तृतीया म्हणजे आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर पुजतात, आमरस आणि सांजोऱ्या होतात. शेतावरच्या सालदाराचं साल त्या दिवशी संपतं आणि नवं ठरतं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणून ज्याला परवडेल तो गुंजभर सोनं घेई, पण सणाचा जीव त्यात नव्हता. जळगाव सोन्याच्या बाजारासाठी नावाजलेलं. आखाजीच्या आठवड्यात सराफांच्या जाहिरातींनी आमची पानं वाढत, आणि दुसऱ्या दिवशीची मोठी बातमी ठरलेली असे: सराफ बाजारात कोट्यवधींची उलाढाल. झोक्यांचा एखादा फोटो आतल्या पानावर लागे. सालदारांची बातमी मी वर्षानुवर्षं पाहिली नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, जाहिरात जिकडे असते तिकडे बातमी वळते एवढंच. पण माझी भाची आता म्हणते, "काहीच सोनं घेतलं नाही, मग आखाजी कसली?" तिला झोका माहीत आहे. तो तिला खेड्यातली हौस वाटतो.

हेच सूत्र मागे नेऊन पाहा. केसरी 1881 साली निघाला तेव्हा गोपाळ गणेश आगरकर त्याचे संपादक होते. मतभेदांमुळे 1887 मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी सुधारक काढला. बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण यांवर त्यांच्याइतका स्वच्छ युक्तिवाद मराठीत क्वचितच कुणी केला असेल. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. 1895 मध्ये ते गेले, तोवर त्यांचं ऐकणारे मूठभरच होते. त्याच सुमारास, 1893-94 पासून, केसरीने सार्वजनिक गणेशोत्सव उचलून धरला आणि काही वर्षांत तो गावोगावी पोचला. युक्तिवाद वाचकाने एकट्याने पटवून घ्यायचा असतो, आणि पटला तर घरच्यांशी भांडायचं असतं. उत्सवात शेजारच्या आळीने मंडप घातलेला दिसतो. आगरकरांचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. एकट्या वाचकाकडून समाज किती हळू बदलतो, ते मात्र यातून दिसतं.

संशोधकांनाही हे दिसलेलं आहे. रवांडात 1994 च्या नरसंहारात रेडिओवरून द्वेष पसरवला गेला. त्यानंतर त्याच देशात सलोख्यासाठी एक रेडिओमालिका सुरू झाली, आणि एलिझाबेथ पॅलक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्षभर प्रयोग करून तिचा परिणाम तपासला. श्रोत्यांच्या स्वतःच्या समजुती फारशा बदलल्या नव्हत्या. आपल्या भोवतालचे लोक काय योग्य मानतात, याबद्दलची त्यांची कल्पना मात्र बदलली होती, आणि तिच्यामागोमाग वागणंही.

आपल्याकडचा अभ्यास याहून रंजक आहे. बिहार, हरियाणा, तमिळनाडू आणि आपलं शेजारचं गोवा यांच्या खेड्यांत 2001 ते 2003 या काळात केबल पोचत होती. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी केबल आलेल्या आणि न आलेल्या गावांतल्या बायकांची उत्तरं ताडून पाहिली. 2009 मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: केबल आल्यावर मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, नवऱ्याने मारणं चालतं असं म्हणणाऱ्या कमी झाल्या, आणि घरातल्या निर्णयांत बायकांचं म्हणणं वाढलं. आता त्या काळच्या मालिका आठवा. सासू-सुनांची कारस्थानं, भरजरी साड्या, पतिव्रतेचे उमाळे. उपदेश पाहिला तर सगळा उलट्या दिशेचा! पण प्रेक्षक उपदेशाकडे बघत नव्हत्या. मालिकेतली बाई एकटी घराबाहेर पडते, स्वतःच्या हाताने पैसे देते, तिला मुलं दोनच, मुलगी कॉलेजात जाते, हे कथेच्या मागच्या बाजूला चाललेलं त्या टिपत होत्या.

माझी आई असंच बघायची. रोज संध्याकाळी मालिका, आणि गोष्ट विचारली तर तिला धड सांगता यायची नाही. एकदा म्हणाली, "त्यांच्या घरात कुणी बसून स्वयंपाक करत नाही." चुलीपासून गॅसपर्यंत ती जन्मभर खाली बसून रांधत आली होती. त्या दिवाळीला तिने वडिलांकडून ओटा बांधून घेतला. गुडघे दुखतात हे ती आधी दहा वर्षं सांगत होती, तेव्हा तो झाला नव्हता.

म्हणून वर्गात मुलांना "या मालिकेचा संदेश काय" असं विचारू नका, ते पाठ केलेलं उत्तर देतील. "या मालिकेत कोण कधीच दिसत नाही, आणि कोणती गोष्ट कुणी न सांगता गृहीत धरली आहे" असं विचारा.

आता मला सगळ्यात मोलाचा वाटणारा प्रयोग. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांमध्ये, शेतकऱ्यांची श्रवणमंडळं उभी केली. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. वीसेक गावकरी रेडिओभोवती बसायचे, कार्यक्रम संपला की आपसांत चर्चा करायचे आणि शंका केंद्राकडे लिहून पाठवायचे. त्यांची उत्तरं पुढे रेडिओवरून यायची. मोजमाप टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं. तुलनेसाठी रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावं घेतली होती, आणि रेडिओच नसलेलीही. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ अगदी किरकोळ होती.

आवाज तोच, शब्द तेच, फरक फक्त ऐकून झाल्यावर पारावर काय घडलं याचा. एक जण म्हणणार, "खताचं खरं आहे, मी टाकून पाहिलं." दुसरा म्हणणार, "तुझी जमीन काळी, माझी मुरमाड." या बोलण्यातून गाव ठरवायचं की यातलं आपलं काय. माध्यमाचा शब्द समाजात मुरतो तो असा. आज तो पार म्हणजे फोनमधले ग्रुप. पण 1956 च्या मंडळाकडून केंद्राकडे प्रश्न जात होता आणि उत्तर परत येत होतं. ग्रुपमध्ये शंका विचारणाऱ्यालाच गप्प बसवलं जातं.

त्याची किंमत राईनपाड्यात दिसली. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या त्या गावी आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून पसरले होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. दारात आलेल्या गोसाव्याला पसाभर पीठ वाढायचं, हा संस्कार महाराष्ट्राच्या खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला. वासुदेव, पिंगळा, गोसावी ही गावाची परकी माणसं नव्हती. एवढा जुना संस्कार काही दिवसांत फिरतो, कारण प्रत्येकाला तो मेसेज चार-चार ग्रुपवरून आलेला असतो, आणि आपल्याखेरीज सगळ्यांची खात्री पटली आहे असं प्रत्येकाला वाटतं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली.

त्या रात्री मी पुरवणी सोडून मुख्य डेस्कवर बसले होते. आधीच्या दोन आठवड्यांचे अंक काढून पाहिले. "मुले पळविणाऱ्या टोळीची परिसरात चर्चा" अशी सिंगल कॉलम बातमी आमच्याकडे दोनदा लागली होती. "चर्चा" हा शब्द घातला की आपण काही ठामपणे म्हटलं नाही, अशी डेस्कवर समजूत असते. वाचणाऱ्याला मात्र "पेपरातही आलंय" एवढंच लक्षात राहतं. मावशींच्या साडीच्या वेळी मला हे कळायला हवं होतं.

शब्दांचा असाच एक धडा मला त्याही आधी मिळाला होता. नव्वदच्या दशकात कॉलेजला निघालेल्या एका मुलीवर एकाने चाकूने वार केले. मी मथळा दिला: "एकतर्फी प्रेमातून तरुणीवर वार". तेव्हा सगळेच असा देत. चार दिवसांनी मुलीचे वडील कात्रण घेऊन कार्यालयात आले. आवाज चढवला नाही. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, ती त्याला ओळखतसुद्धा नव्हती. यात प्रेम कुठे होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार शब्दांत मी चाकूवाल्याला प्रियकर केलं होतं, आणि गावाला विचारायला एक प्रश्न दिला होता: तिनेच काहीतरी केलं असेल का? त्यानंतर माझ्या पानावर तो शब्दप्रयोग कधी गेला नाही. "अब्रू लुटली" गेलं नाही. "अनैतिक संबंधातून खून" गेलं नाही, कारण खुनाचं कारण खुन्याकडे असतं. सहकाऱ्यांशी यावरून वाद झाले, "मथळ्यात जागा बसत नाही" हेही ऐकलं. "पाठलाग करून तरुणीवर चाकूहल्ला" हे तेवढ्याच जागेत बसतं.

आणि ज्यांच्यावर मथळाच होत नाही, त्यांचं काय? बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 रोजी मूकनायक हे पाक्षिक काढलं, तेव्हा पहिल्याच अंकात त्यांनी लिहिलं की अन्यायावर उपाय सुचवण्यासाठी वर्तमानपत्रासारखी दुसरी भूमी नाही, पण मुंबई इलाख्यातली बहुतेक पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत, इतरांची त्यांना पर्वा नाही. ज्यांचा पानावर उल्लेखच नाही त्यांचं दुःख बाकीच्यांच्या लेखी अस्तित्वातच नसतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आखाजीचा सालदार आमच्या पानावरून असाच गेला.

तुमच्या मूळ प्रश्नातलं "की" मला काढून टाकावंसं वाटतं. माध्यमं समाजात असलेलंच दाखवतात हे खरं आहे. मावशींच्या घरचा घट आम्ही बसवला नव्हता, तो होताच. पण असलेल्या शंभर गोष्टींतली कोणती रोज दाखवायची, कोणत्या शब्दांत आणि केवढ्या जागेत, हे कुणीतरी ठरवतं. माझ्या बाबतीत ते रात्री साडेअकराला, पान सोडायची घाई असताना ठरायचं.

वर्गासाठी एक तास सुचवते. घटस्थापनेच्या आठवड्यात मुलांना घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे पाठवा. तिच्या लग्नाच्या वर्षी पहिल्या माळेला कोणता रंग होता, ते विचारून यायला सांगा. बहुतेकींना प्रश्नच कळणार नाही. त्यांनी नऊ दिवस काय केलं ते त्या सांगतील: माळ कशी बांधली, घटात कोणतं धान्य पेरलं, उपास कुणी धरला, कुणाला देवळात येऊ दिलं नाही. मुलांनी ते जसंच्या तसं, त्यांच्या बोलीत लिहून आणावं, आणि शेजारी त्या दिवशी फोनवर आलेलं रंगांचं चित्र चिकटवावं.